अंधारात बघितलेलं झुरळ

अकरावीत असताना वर्तमानपत्रात एक फोटो आला होता. काळपट झुरळ, आणि पाठीवर डोळ्यांसारखे दोन चमकते ठिपके. ल्युसिहॉर्मेटिका लके हे त्याचं नाव. २०१२ साली जगाला नव्याने कळलेल्या प्रजातींमधून निवडलेल्या पहिल्या दहांत त्याचा नंबर होता. स्वयंपाकघरात चपलेने मारायच्या प्राण्याला स्वतःचा दिवा असतो, या कल्पनेनेच मी खुळावलो आणि कात्रण जपून ठेवलं.

पुढे ऑनसाइटला जर्मनीत गेलो. तिथे एका सहकाऱ्याच्या घरी लकेची चुलत भावंडं भेटली: ल्युसिहॉर्मेटिका व्हेरुकोसा, मूळची व्हेनेझुएला-कोलंबियाकडची. तो ती हौसेने पाळतो. काचेच्या टाकीत कुजकं लाकूड, वाळकी पानं, केळ्याची चकती. माद्या साध्या, नरांच्या मानेमागच्या ढालीवर दोन फिकट पिवळे ठिपके. मी त्याला दिवा घालवायला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं अंधारात बसलो. काही दिसलं नाही. "प्रत्येक नवा पाहुणा हेच करायला लावतो," तो म्हणाला.

मग मी मागचे कागद उकरले. १९९९ साली झोम्प्रो आणि फ्रिट्शे यांनी ब्राझीलमधल्या एका झुरळासाठी ल्युसिहॉर्मेटिका हा गट नव्याने मांडला तो प्रकाशाच्या दाव्यासकटच. २०१२चा लकेवरचा निबंध व्रशान्स्की आणि सहकाऱ्यांचा. त्यांत फ्रिट्शेही होते. म्हणणं असं, की हे झुरळ पायरोफोरस या खरोखर उजळणाऱ्या, खायला घातक भुंगेऱ्याचं सोंग घेतं. सोंग घेऊन जीव वाचवायचा. कल्पना देखणी आहे, पण हाताशी नमुना एकच होता: १९३९ साली इक्वाडोरमधल्या तुंगुराहुआ ज्वालामुखीच्या परिसरात पकडलेला, सत्तरहून अधिक वर्षं मेलेला. २०१०मध्ये तो डोंगर पुन्हा भडकला, त्यामुळे ही जात उरली आहे की नाही याचीच शंका.

२०१३ साली क्वीन्सलंडच्या डेव्हिड मेरिट यांनी हरकत घेतली. बाहेरून प्रकाश टाकल्यावर पदार्थ चमकणं वेगळं, आणि जिवंत प्राण्याने स्वतः प्रकाश निर्माण करणं वेगळं. बँकेतल्या दिव्याखाली नोटेतले धागे चमकतात, म्हणून नोट काजवा होत नाही. आमच्या धंद्यात असा बग 'रिप्रोड्यूस होत नाही' म्हणून परत पाठवतात. इथे तर पुन्हा तपासायला जिवंत लकेच कुणाकडे नाही.

त्याच वर्षी ग्रेव्हेन आणि झ्वान्झिग यांनी व्हेरुकोसाच्या प्रियाराधनाचा आणि ढालीच्या रचनेचा अभ्यास छापला. मेलेल्या नमुन्यावर ढालीची चिरफाड करता येते, पण प्रियाराधन बघायला नर-मादी जिवंतच लागतात. त्या दृष्टीने माझ्या मित्राची टाकी मला संग्रहालयातल्या टाचणीपेक्षा मोलाची वाटली. अर्थात व्हेरुकोसा उजळत नाही म्हणून लकेही उजळत नव्हतं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. एवढं मित्रानेच मला बजावलं. मी निकाल द्यायला फारच उतावीळ झालो होतो.

निघताना त्याने विचारलं, चार पिल्लं नेतोस का? विमानतळावरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणून मी नको म्हणालो. कात्रण अजून घरी बारावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये आहे. आईला ते फेकायचंय.