नफा कंपनीचा, तोटा रयतेचा : ‘जीआयपी’ रेल्वेच्या हमीची कथा

१/ १६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन ठाण्याकडे निघाली. हा प्रसंग आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचला आहे. मात्र ती गाडी नेमकी कोणाची होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ती सरकारची नव्हती. ती होती ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ या लंडनस्थित खासगी कंपनीची.

२/ सार्वजनिक सेवा सरकारने चालवावी की खासगी उद्योगाने, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. एक पक्ष म्हणतो, खासगी मालक काटकसरी असतो. दुसरा म्हणतो, त्याला केवळ नफा दिसतो. या वादाची एक मोठी प्रत्यक्ष परीक्षा याच भूमीवर होऊन गेली आहे. आजचा धागा त्या परीक्षेविषयी.

३/ प्रथम पार्श्वभूमी. १८४५ ते १८४७ या काळात ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअरांचे अक्षरशः वेड पसरले होते. पुढे भाव कोसळले आणि असंख्य गुंतवणूकदारांचे हात पोळले. परंतु बुडाला तो भागधारकांचा पैसा. घातलेले रूळ देशाला मिळाले आणि करदात्याच्या खिशाला त्याची झळ फारशी लागली नाही. खासगी साहसाचा हा मूळ नियम : जोखीम ज्याची, नफाही त्याचा.

४/ हिंदुस्थानात मात्र हा नियम लागू करण्यास लंडनचे भांडवलदार तयार नव्हते. देश दूरचा, पावसाळा भयंकर, घाट दुर्गम, प्रवासी मिळतील की नाही याची शाश्वती नाही. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे धनिक रेल्वेसाठी प्रयत्नशील होते. पण एवढे प्रचंड भांडवल उभे राहायचे ते लंडनच्याच बाजारात. आणि त्या बाजाराने अट घातली : हमी द्या.

५/ १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि जीआयपी यांच्यात करार झाला. त्याची मुख्य कलमे पाहा :
• गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी
• ९९ वर्षांसाठी जमीन विनामूल्य
• ५ टक्क्यांहून अधिक नफा झाल्यास त्यात भागधारकांचा वाटा
• आणि सर्वांत महत्त्वाचे : सहा महिन्यांची सूचना देऊन कंपनी रेल्वे सरकारच्या हवाली करू शकेल व आपले भांडवल परत घेऊ शकेल

६/ त्या काळी ब्रिटिश सरकारच्या रोख्यांवर सुमारे ३ टक्के व्याज मिळे. येथे ५ टक्के मिळणार होते आणि तेही तितकेच सुरक्षित. धंदा बुडाला तरी व्याज मिळणार, फारच बुडाला तर मुद्दलही मिळणार. व्यापारात ज्याला जोखीम म्हणतात, तिचा या करारात भागधारकांपुरता लवलेशही उरला नव्हता.

७/ मग ती जोखीम गेली कुठे? जोखीम नाहीशी होत नसते. ती केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. रेल्वेचे उत्पन्न कमी पडले की व्याजाची तूट हिंदुस्थान सरकारच्या खजिन्यातून भरली जाई. त्या खजिन्याचा सर्वांत मोठा स्रोत होता शेतसारा. म्हणजे ज्याने आगगाडी पाहिलीही नव्हती, तो कोरडवाहू शेतकरी लंडनमधील भागधारकाच्या व्याजाचा जामीनदार झाला होता.

८/ आता या हमीचा बांधकामावर काय परिणाम झाला ते पाहू. आरंभी दर मैलास सुमारे ८ हजार पौंड खर्च येईल असा अंदाज होता. १८६० च्या दशकाच्या अखेरीस हमीच्या मार्गांचा सरासरी खर्च मैलामागे सुमारे १८ हजार पौंडांवर पोहोचला होता. डोंगर, नद्या, १८५७ चा उठाव ही कारणे खरीच. परंतु खर्च वाढला तर व्याजही वाढणार असेल, तर काटकसर कोणी आणि का करावी?

९/ ही टीका केवळ आपल्या राष्ट्रवाद्यांची नव्हती. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी १८७२ साली ब्रिटिश संसदीय समितीपुढे साक्ष देताना स्पष्टच सांगितले की, ५ टक्के पक्के असल्यावर आपला पैसा हुगळी नदीत फेकला जातो की विटाचुन्यात घातला जातो, याच्याशी इंग्रज भांडवलदाराला काही कर्तव्य नव्हते. हे शब्द एका राज्यकर्त्याचे आहेत, हे लक्षात घ्यावे.

१०/ कोणी म्हणेल, सरकारची देखरेख नव्हती काय? होती. लंडनच्या संचालक मंडळावर नकाराधिकार असलेला सरकारी संचालक होता. इकडे प्रत्येक आराखड्यावर सरकारी सल्लागार अभियंत्याची संमती लागे. पण त्यातून काटकसरीपेक्षा कागदपत्रांचा भारच वाढला. चूक झाली की कंपनी सरकारकडे बोट दाखवी आणि सरकार कंपनीकडे. दोन धनी असलेल्या घरात जबाबदारी पोरकी होते, ती अशी.

११/ याचे जिवंत उदाहरण म्हणजे आपला बोरघाट. काम १८५६ मध्ये सुरू झाले. जीआयपीने ते ठेकेदार फॅविएल याला दिले, त्याने पोटठेकेदार नेमले. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि फॅविएलने ठेका सोडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका स्वतःकडे ठेवून काम पूर्ण करवून घेतले.

१२/ ऐन भरात या घाटात ४० हजारांहून अधिक स्त्रीपुरुष राबत होते. पटकी, ताप आणि सुरुंगांचे अपघात यांत किती जण गेले याची नीट मोजदादही झाली नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला, तेव्हा तो जगातील अभियांत्रिकीचा एक चमत्कार मानला गेला, आणि ते योग्यच होते. परंतु १८६७ च्या जुलैत याच घाटातील दगडी कमानींचा एक मोठा पूल कोसळला. चौकशीत जीआयपीच्या इतरही अनेक पुलांचे बांधकाम निकृष्ट आढळले आणि ते पुन्हा बांधावे लागले. महाग आणि निकृष्ट ही दोन्ही विशेषणे एकाच कामाला लागू पडावीत, हेच या व्यवस्थेचे वैशिष्ट्य.

१३/ १८६९ मध्ये व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांनी या पद्धतीवर बोट ठेवले : नफा सारा कंपन्यांचा आणि तोटा सारा सरकारचा. त्यानंतर सरकारने नवे मार्ग स्वतः बांधण्याचे ठरवले. मग सरकारने ते काम उत्तम केले काय? येथे इतिहास दुसऱ्या पक्षालाही सोपे उत्तर देत नाही.

१४/ खर्च वाचवण्यासाठी लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत मीटरगेज स्वीकारले गेले. मार्ग स्वस्त झाले हे खरे (अर्थात अरुंद मार्ग रुंद मार्गापेक्षा स्वस्त पडणारच, म्हणून ही तुलना जपून करावी). पण जेथे दोन गेज भेटत, तेथे प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. त्याचा भुर्दंड पुढे शतकभर देशाने सोसला.

१५/ शिवाय सरकारी कामाचा गळा खजिन्याच्या हातात. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ, पाठोपाठ अफगाण युद्ध, आणि पैसा आटला. १८८० च्या दुष्काळ आयोगाने हजारो मैलांचे नवे मार्ग सुचवले. ते बांधण्यासाठी सरकार पुन्हा कंपन्यांकडेच वळले. १८८२ ची सदर्न मराठा रेल्वे ही अशाच नव्या करारांतील कंपनी. या वेळी हमीचा दर कमी होता आणि मालमत्ता सरकारची होती. सरकार निदान करार लिहायला शिकले होते.

१६/ जुन्या करारांचा फास मात्र आवळतच गेला. व्याज लंडनमध्ये पौंडांत द्यायचे होते आणि १८७० च्या दशकापासून रुपयाचा भाव घसरत होता. तितकेच व्याज भरायला दरवर्षी अधिक रुपये लागत. काही मार्गांनी काही वर्षी चांगला नफा दिला. परंतु एकूण रेल्वेचा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत खजिन्याला तोट्याचाच राहिला. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून गणेश व्यंकटेश जोशी यांनी हे हिशेब मांडले आणि विचारले की, हाच पैसा पाटबंधाऱ्यांवर का खर्च होत नाही?

१७/ आता त्याच मुंबईतील एक वेगळा करार पाहू, म्हणजे दोष ‘खासगी’ या शब्दात होता की आणखी कशात, हे कळेल. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. तीही खासगी कंपनीचीच. परंतु तिच्यामागे ५ टक्क्यांची हमी नव्हती. प्रवासी मिळाले नाहीत तर बुडणार ती कंपनी.

१८/ परिणाम? कुलाबा ते पायधुणी हे भाडे आरंभी ३ आणे होते. प्रतिसाद वाढताच ते थोड्याच काळात २ आण्यांवर आले. अधिक माणसे बसली तरच नफा, हे गणित कंपनीला कोणी शिकवावे लागले नाही. पुढे १९०५ मध्ये हा व्यवसाय बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीकडे गेला, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ मध्ये बस. आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने हा सारा उपक्रम ताब्यात घेतला. तीच आपली बेस्ट.

१९/ ट्राम कंपनी परोपकारी होती, असे मुळीच नाही. रूळ पडले ते गर्दीच्या आणि कमाईच्या रस्त्यांवर. जेथे माणसे गरीब व विरळ, तेथे खासगी ट्राम आपणहून जात नाही. तेथे सार्वजनिक पैसा लागतोच. परंतु मुंबईकराच्या ट्रामसाठी विदर्भातल्या शेतकऱ्याला तूट भरावी लागली नाही, हा फरक लहान नाही.

२०/ जीआयपीचा शेवट बोलका आहे. १९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि चालवण्यासाठी पुन्हा त्याच कंपनीकडे सोपवली! १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबई ते मद्रास प्रवासानंतर तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतील गर्दी आणि घाण यांवर लिहिले, ते याच ‘सरकारी मालक, खासगी चालक’ काळातले.

२१/ १९२० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष विल्यम ॲकवर्थ हे सरकारी रेल्वेविषयी साशंक असलेले तज्ज्ञ होते. तरीही हिंदुस्थानपुरता त्यांनी सरकारी व्यवस्थापनाचाच कौल दिला. कारण मालमत्ता सरकारची आणि जोखीमही सरकारची असताना या कंपन्यांना खऱ्या अर्थाने खासगी म्हणताच येत नव्हते. समिती या प्रश्नावर दुभंगली, पण १९२५ च्या मध्यास जीआयपी सरकारी व्यवस्थापनाखाली आली.

२२/ येथेही घाईने निष्कर्ष नको. मुंबईची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, म्हणजे कंपनीच्या अखेरच्या महिन्यांत. पुण्यापर्यंतचे विद्युतीकरण आणि १९३० ची दख्खनची राणी सरकारी काळातली. रूळ तेच, घाट तोच, बहुतांश माणसेही तीच. केवळ पाटी बदलल्याने सेवा सुधारत नाही, तशी बिघडतही नाही.

२३/ तर मग ‘खासगी की सरकारी?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. जीआयपीचा करार हाती घेऊन आधी चार प्रश्न विचारावेत : तोटा झाला तर कोण भरणार? खर्च वाढला तर कोणाचा फायदा? सेवा वाईट असेल तर दाद कोणाकडे मागायची? आणि करार मोडायचा झाल्यास किंमत कोण मोजणार? १८४९ मध्ये या चारही प्रश्नांची उत्तरे रयतेच्या विरोधात गेली, आणि ती देताना रयतेला कोणी विचारलेही नव्हते.

२४/ पुढच्या वेळी पुण्याला जाताना कर्जतनंतर गाडीला मागून बँकर इंजिन जोडले जाईल, तेव्हा खिडकीबाहेर पाहा. त्या बोगद्यांसाठी भांडवल लंडनने दिले, घाम आपल्या मजुरांनी गाळला आणि हमी शेतसाऱ्याने पेलली. आज आपल्या शहरात एखाद्या पुलाचा, पाण्याचा किंवा मेट्रोचा करार होतो, तेव्हा तो वाचण्याचा हक्क आपल्याला आहे. १८४९ च्या रयतेला तो नव्हता. धागा समाप्त.