लोंगेवालाच्या आकाशातले छोटे विमान

आपल्या बॅचची दहावी झाली त्याच वर्षी, जून १९९७ मध्ये, 'बॉर्डर' आला. मंगळवार पेठेतल्या निम्म्या पोरांनी तो दोनदा पाहिला असेल! त्यातली हंटर विमाने सगळ्यांना आठवतात. मला सांगायचे आहे ते त्यांना लक्ष्य दाखवणाऱ्या एका छोट्या विमानाबद्दल.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवाला चौकीत मेजर कुलदीपसिंग चांदपुरींबरोबर सुमारे १२० जवान होते. समोर रणगाड्यांचा ताफा. जैसलमेरच्या हंटरना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून उजाडेपर्यंत जवानांना एकट्यानेच तग धरायचा होता. सकाळी विमाने आली. पण एवढ्या वेगात जाणाऱ्या वैमानिकाला वाळूत आपला कोण आणि शत्रू कोण, हे कळणार कसे? ते रेडिओवरून सांगत होते मेजर आत्मा सिंग, 'कृषक' नावाच्या संथ, निःशस्त्र विमानातून. वीसहून अधिक रणगाडे तिथे निकामी झाले. शत्रूच्या डोक्यावर मात्र त्याचे स्वतःचे हवाई छत्र नव्हते.

आत्मा सिंग हवाई दलाचे नव्हेत, लष्कराचे. त्यांच्या तुकडीला 'एअर ओपी' म्हणत, म्हणजे तोफखान्याची हवाई निरीक्षण चौकी. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर ६५९ स्क्वाड्रन हेच काम ऑस्टर विमानांतून करत होती. वैमानिक मुद्दाम तोफखान्याचा अधिकारी असे. गोळा कुठे पडला आणि पुढचा किती सरकवायचा, हे त्याला उपजत कळे. फाळणीत या स्क्वाड्रनचीही वाटणी झाली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही दोन यंत्रणा आपापल्या जागी उत्तम चालतात, घोळ होतो तो मधल्या जोडणीत. त्यामुळे मला हंटरपेक्षा कृषकचेच कौतुक जास्त.

१ नोव्हेंबर १९८६ ला या तुकड्यांतून लष्कराचे स्वतंत्र हवाई दल, 'आर्मी एव्हिएशन कोअर', उभे राहिले. त्याच्या वैमानिकांची शाळा २००३ पासून आपल्या नाशिकला आहे, देवळालीच्या तोफखाना शाळेच्या शेजारात.

आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावे आहेत. आपल्या वर्गातही वडील सुट्टीवर कधी येणार म्हणून दिवस मोजणारी मुले होतीच. ते वडील बहुतेक पायदळातले, जमिनीवरचे. सियाचीनवर कुणी आजारी पडले की त्याला खाली आणायला आजही याच दलाचे चीता हेलिकॉप्टर जाते.