अर्जातली कबुली

जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीत माझ्याकडे भाषांतराला येतात ते बहुधा जमिनीचे कागद. परदेशी विद्यापीठाचा अर्ज क्वचितच. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी दहावीची गुणपत्रिका घेऊन आली. इंग्रजीत पहिल्या खेपेस नापास होऊन ती पूरक परीक्षेत सुटली होती, आणि गुणपत्रिकेवर तसा शेरा होता. तिने हळूच विचारले, ''दीदी, हा 'पूरक' शब्द इंग्रजीत नाही आणला तर चालेल का?''

कागद ठेवून जा, उद्या ये, असे मी तिला सांगितले. संध्याकाळी आनंदीबाई जोशींचा अर्ज आठवला.

२८ जून १८८३ रोजी, अमेरिकेत पोचून महिनाही झाला नव्हता तेव्हा, अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाला पत्र लिहिले. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मी आले आहे, हे त्यात आहेच. ते आपण पुष्कळदा ऐकलेले असते. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करत नसू, हे त्यांनी स्वतःच लिहिले, आणि आपले प्रकरण अपवादात्मक असल्याने सांभाळून घ्यावे अशी विनंती केली.

अटी पुऱ्या होणार तरी कशा? गोपाळराव टपाल खात्यात. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा त्यांच्या बदल्या. आनंदीबाईंचे शिक्षण मुख्यतः घरी, नवऱ्याच्या धाकात. शाळा मिळाली ती थोडी. हिंदुस्थानातल्या पहिल्या दोन पदवीधर स्त्रिया, चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी बसू, त्याच १८८३ मध्ये कलकत्त्यात पदवी घेत होत्या. मुलींसाठी 'पात्रता' ही वस्तूच देशात नुकती जन्मत होती.

इंग्रजीची परीक्षा मात्र त्यांनी एका अर्थी दिली होती. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी १८७८ मध्ये अमेरिकी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. धर्मांतराचा सल्ला देणाऱ्या उत्तरासह तो तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी तो १८८० मध्ये दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढची तीन वर्षे दोघींची पत्रे चालली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी अमेरिकेला का जाते हे इंग्रजीतून भर सभेत सांगितले. एवढीच त्यांची प्रमाणपत्रे.

महाविद्यालयाने त्यांना घेतले. १८५० मध्ये ते स्थापन झाले तेच पुरुषांच्या महाविद्यालयांची दारे स्त्रियांना बंद होती म्हणून. नियम कसा अडवतो हे तिथल्या बायकांना ठाऊक होते. १८८५ च्या प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाईंशेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आहेत. तिघींचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पंडिता रमाबाई पदवीदानाला हजर होत्या. वर्ष पुरे होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात आनंदीबाईंचा मृत्यू झाला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात मिळालेल्या नेमणुकीवर त्या रुजूच होऊ शकल्या नाहीत.

ही गोष्ट सांगून आजच्या परीक्षांना नावे ठेवणे सोपे आहे. टोफेल १९६४ मध्ये सुरू झाली, आयइएलटीएस १९८९ मध्ये. या परीक्षांना भरमसाट फी लागते, गुण दोनच वर्षे ग्राह्य धरतात आणि परीक्षार्थीचा देश कुठला, हेतू कुठला, हे त्या विचारत नाहीत. पण तुमची ओळख कोणाशी आहे, हेही विचारत नाहीत. मिसेस कार्पेंटर यांचा दात त्या दिवशी दुखला नसता तर आनंदीबाई कुठे असत्या? माणुसकीने उघडलेले दार एकीला मिळते. नियमाचे दार अरुंद असले तरी तिथे रांग लावता येते. मझौलीतल्या मुलीला दुसऱ्याच दारातून जायचे आहे, म्हणून तिचे कागद खरे असायला हवेत.

दुसऱ्या दिवशी ती आली. 'पूरक'चे भाषांतर मी जसेच्या तसे केले होते. तिचा चेहरा पडला. मी तिला आनंदीबाईंच्या पत्राबद्दल सांगितले आणि म्हटले, अर्जासोबतच्या निवेदनात या शेऱ्याबद्दल तूच लिही. तिने तिथेच बसून चार ओळी लिहिल्या: गावातल्या शाळेत त्या वर्षी इंग्रजीला शिक्षक नव्हते, पुढचा अभ्यास तिने एकटीने केला. दोन ठिकाणी क्रियापद चुकले होते.

लेखणी हातात होती, पण मी दुरुस्ती केली नाही. ते इंग्रजी तिचे होते.