गृहस्थाची पहाट

मुलांच्या शाळेचे डबे आणि कचेरीची वेळ यांच्या आधीचा एखादा तास स्वतःसाठी राखून, उजाडण्यापूर्वीच रस्त्यावर धावायला निघणारे संसारी स्त्रीपुरुष आज आपल्या शहरांत इतके परिचित झाले आहेत की, प्रपंचात आकंठ बुडालेल्या माणसाचा पहाटेच्या व्यायामावरील हक्क पूर्वापार मान्य असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा हक्क पुष्कळच अर्वाचीन आहे.

महाराष्ट्रात ब्राह्ममुहूर्तावर अंगमेहनत करण्याचा प्रघात जुना, यात संशय नाही. परंतु ती पहाट तालमीची होती. हौदातली तांबडी माती, जोर-बैठका, वस्तादाची करडी नजर आणि कोनाड्यातला शेंदूर माखलेला मारुती, हे सारे ज्या व्रताभोवती उभे होते ते ब्रह्मचर्याचे व्रत होते. लग्न होऊन अंगावर प्रपंच पडला की सामान्य तरुणाचा लंगोट खुंटीला लागे, आणि ज्याचा खुराक एखाद्या संस्थानच्या खर्चात पडत असे असा पहिलवानच काय तो पुढे मेहनत चालू ठेवू शके. कुणब्याची पहाट मोटेची आणि गोठ्याची, तर त्याच्या कारभारणीची जात्याची. व्यायामासाठी सवड काढावी ही कल्पनाच त्या घरात शिरण्याजोगी नव्हती.

ही कल्पना गृहस्थाश्रमात आणून बसवण्याचे श्रेय मी सर्वाधिक ज्यांना देईन ते औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी होत. १८६८ साली जन्मलेला आणि १९०९ मध्ये गादीवर आलेला हा पुरुष सवडीचा धनी मुळीच नव्हता. साताऱ्याच्या परिसरात विखुरलेल्या लहानशा संस्थानचा मुलकी कारभार, दप्तर आणि दरबार सांभाळून ते स्वहस्ते चित्रे रंगवीत, कीर्तने करीत, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारत-संशोधनाला आश्रय देत; शिवाय घरात मुलाबाळांचा मोठा परिवार होता. तारुण्यात त्यांनी सुमारे दहा वर्षे युजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने, त्याचीच साधने वापरून, नेमाने व्यायाम केला होता. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांचेच झाले. साधने नकोत, हौद नको, वस्ताद नको. सतरंजीएवढी जागा आणि सूर्योदयापूर्वीचा थोडा वेळ असला की पुरे, ही त्या व्यायामाची सोय संसारी माणसाला किती अनुकूल आहे, हे त्यांनी स्वानुभवाने ओळखले. संस्थानच्या शाळांतून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि १९३६ साली विलायतेस गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंवर त्यांचा असा प्रभाव पडला की, बाईंनी संपादिलेले त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे धाडस निराळेच आहे. राणीसाहेब आणि मुले यांनाही त्यांनी या नेमात सामील करून घेतले, आणि ज्या काळी कुलीन स्त्रीने घाम गाळणे हीच लज्जेची गोष्ट मानली जाई, त्या काळी अनेक मुलांची आई रोज नमस्कार घालते हे अभिमानाने छापून सांगितले. पुढे परराष्ट्र-सेवेत नाव कमावणारे त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांनी स्वतः सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, यावरून तो नेम पुढच्या पिढीत किती मुरला होता हे दिसते.

धावण्याला मात्र संसारी माणसाच्या दारी यायला अधिक काळ लागला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ साली बहुधा शेतकरी वर्गातले अनवाणी धावपटू पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला, आणि १९२० साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी १९ वा क्रमांक मिळवला, ही आपल्या अभिमानाची कथा आहे. तरीही ती शर्यतीची आणि पदकाची कथा. पोट सुटलेल्या, हृदयविकाराने धास्तावलेल्या मध्यमवयीन बापानेही धावावे, तेही बोलता येईल इतक्या सावकाश, हा विचार रुजवला तो न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या आर्थर लिडियर्ड यांनी. ते बुटांच्या कारखान्यात काम करणारे, बायकामुलांचे धनी. एका वडीलधाऱ्या धावपटूबरोबर पाच मैल जाताना आपलीच छाती फुटायची वेळ आलेली पाहून त्यांनी स्वतःच्या देहावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६० साली रोममध्ये एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली. त्याच पद्धतीचे सौम्य रूप घेऊन ऑकलंडचे पोक्त व्यापारी धावू लागले. १९६२ च्या अखेरीस तेथे गेलेले अमेरिकन प्रशिक्षक बिल बावरमन यांनी ते पाहिले, मायदेशी वर्ग काढले, आणि एका हृदयरोगतज्ज्ञासह लिहिलेल्या १९६७ च्या पुस्तकाने तो छंद जगभर नेला. मुंबईची आजची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, ती या परंपरेतून.

आईची गोष्ट याहून खडतर आहे. बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये त्यांची मॅरेथॉन झाली ती १९८४ साली. औंधच्या राणीसाहेब याच्या कितीतरी आधी नमस्कार घालीत होत्या खऱ्या, परंतु राजवाड्यात चूल पेटवायला आणि पाणी भरायला माणसे होती, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. सामान्य घरातील स्त्रीची पहाट मोकळी होऊ लागली ती आधी पिठाच्या गिरणीने जाते थांबवले तेव्हा, नंतर नळ घरात आला तेव्हा, आणि पुढे चुलीची जागा गॅसने घेतली तेव्हा. एवढे होऊनही, बाप धावायला गेला की डबा आपोआप तयार असतो आणि आई गेली की तो आदल्या रात्रीच करून ठेवावा लागतो, अशी घरे आजही थोडी नाहीत.