बच्छराजांची पेढी

वर्धा शहर फारसें जुनें नाहीं. पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं इंग्रजांनीं १८६६ सालीं तें वसविलें, आणि लवकरच मुंबईहून निघालेली आगगाडी येथून नागपुराकडे गेली. अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसाला नुकताच सोन्याचा भाव आणला होता. हिंगणघाटच्या कापसाचें नांव लिव्हरपूलच्या बाजारांतहि घेतलें जात असे. जेथें कापूस तेथें रोकड हवी, आणि रोकड घेऊन मारवाडचे पेढीवाले आले. शेठ बच्छराज हे त्यांपैकींच एक.

अशा पेढीचा व्यवहार श्रोत्यांनीं थोडा ध्यानांत घ्यावा. पेरणीच्या वेळीं कुणब्याला कर्ज द्यावयाचें, दिवाळीनंतर कापूस घरीं येतांच तें वसूल करावयाचें आणि मुंबईशीं हुंड्यांनीं देवघेव ठेवावयाची. मध्यप्रांताच्या नव्या जमाबंदीनें मालगुजारांना गांवांवर मालकी हक्क दिला होता. तो गहाण पडूं लागला, व गहाणाच्या वाटेनें कित्येक गांवें सावकारांच्या वह्यांत उतरलीं. त्या सावकारीविषयीं गोड बोलण्याचें कारण नाहीं; परंतु सरकी काढण्याचे कारखाने, गठ्ठे बांधण्याचे प्रेस, देवळें व धर्मशाळा त्याच पैशांतून उभ्या राहिल्या, हेंहि खरें.

बच्छराजांना लक्ष्मी प्रसन्न होती, पण वंश नव्हता. दत्तक घेतलेले रामधनदासहि अकालीं वारले. तेव्हां १८९४ च्या सुमारास सीकरजवळील काशी-का-बास येथील कनीराम बजाज यांचा चिमुकला जमनालाल नातू म्हणून वर्ध्यास आला. कनीरामांनीं मोबदल्यादाखल पैसा घेतला नाहीं. पाण्यावांचून तळमळणाऱ्या गांवासाठीं एक विहीर तेवढी मागितली, असें सांगतात. मुलाची शाळा १९०० सालींच सुटली व तो गादीवर बसूं लागला. नागपुरास 'हिंदी केसरी' निघणार असें कळतांच, रोज मिळणाऱ्या रुपयांतून सांठविलेले शंभर रुपये त्यानें त्या कार्यास दिले.

१९०७ सालीं एका लग्नास जातांना अंगावर दागिने घालण्याची आज्ञा आजोबांनीं केली. नातवानें ती मानली नाहीं. म्हातारा संतापला व रागाच्या भरांत आपल्या पैशाचा उल्लेख करून बसला. सतरा वर्षांच्या मुलानें स्टँपाच्या कागदावर सर्व वारसा सोडून दिल्याचें लिहून दिलें आणि अंगावरच्या कपड्यांनिशीं घर सोडलें. त्या पत्रांत राग नाहीं. आजोबांनीं देवाचें नांव घ्यावें, एवढीच विनवणी आहे. बच्छराजांचें काळीज हललें. त्यांनीं माणसें धाडून मुलास परत आणविलें; पण त्याच वर्षीं ते निवर्तले.

मिळकत अखेर जमनालालजींकडेच आली. एकदां सोडलेली वस्तु आपली कशी म्हणावी, हा प्रश्न त्यांना पुढें आयुष्यभर पुरला. वारशाची रक्कम व्याजासह सार्वजनिक कार्यास देण्याचा त्यांनीं निश्चय केला. व्यापार मात्र त्यांनीं सोडला नाहीं. गठ्ठ्याचें वजन वाढावें म्हणून कापसावर पाणी मारण्याची चाल त्यांनीं आपल्या पेढींत चालूं दिली नाहीं, आणि तिची पत त्यामुळें वाढली. १९३१ सालीं गोला गोकर्णनाथ येथें साखरेचा कारखाना निघाला.

सरकारनें दिलेली रायबहादुरी त्यांनीं असहकारितेच्या दिवसांत परत केली, आणि वकिली सोडणाऱ्यांच्या चरितार्थासाठीं टिळक स्वराज्य फंडांत एक लाख रुपये घातले. झेंडा सत्याग्रहांत १९२३ सालीं त्यांना तुरुंगवास घडला. घराण्याचें लक्ष्मीनारायणाचें मंदिर जुलै १९२८ मध्यें अस्पृश्यांस खुलें झालें, तेव्हां स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. पेढीवाल्याला हा धोका लहान नव्हे, कारण त्याचा सारा व्यवहार जातभाईंच्या विश्वासावर चालतो. बंगल्यासह बाग ग्रामोद्योगसंघाला दिली, ती मगनवाडी. महात्माजी १९३६ सालीं ज्या सेगांवीं राहावयास गेले, तेथील मालगुजारीहि जमनालालजींचीच. तेंच पुढें सेवाग्राम झालें.

जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वारले. जानकीदेवींनीं आपल्या वांट्याची मिळकत गोसेवेस अर्पण केली. मुलांनीं व्यापार पुढें चालविला. २९ नोव्हेंबर १९४५ रोजीं त्यांची एक नवी कंपनी नोंदली गेली. तीच १९६० मध्यें बजाज ऑटो झाली. नोंदणीच्या वेळीं तिचें नांव होतें बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन.