हर्रासी ते स्क्रीन: अवजड लोखंडाच्या लिलावाची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका शब्दापासून करू. मराठवाड्यात जुनी माणसं लिलावाला ‘हर्रासी’ म्हणतात. हा शब्द अरबीतल्या ‘हराज’वरून उर्दू-दखनीमार्गे आपल्याकडे आला. ‘लिलाव’ मात्र पोर्तुगीज ‘लेइलांव’वरून आलेला, म्हणजे समुद्राकडून. एक शब्द निजामाच्या राज्यातून, दुसरा बंदरांतून. पद्धत दोन्हीकडे सारखीच: माल समोर, माणसं भोवती, आणि जो शेवटची बोली बोलेल त्याचा माल.

धान्याच्या पोत्याचं हे जमून जातं. पण चाळीस टनांचं यंत्र विकायचं असेल तर? बंद पडलेल्या गिरणीचा बॉयलर, खाणीतला डंपर, किंवा आपण ज्याला सरसकट ‘पोकलेन’ म्हणतो ते खोदकामाचं यंत्र? (हे नावही एका फ्रेंच कंपनीचं, बरं का!) ते मोंढ्यात आणता येत नाही. गिऱ्हाइकालाच यंत्रापाशी जावं लागतं. आणि तिथूनच भानगड सुरू व्हायची.

कारण ठरलेल्या दिवशी तिथे पोचणारे व्यापारी मोजकेच. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. चहा घेता घेता ठरायचं की आज अमुक एकाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. माल स्वस्तात सुटायचा आणि नंतर आपसात वाटणी व्हायची. याला व्यापारात ‘रिंग’ म्हणतात. बाहेरगावचा कोणी आलाच, तर त्याला नुसत्या नजरेनंसुद्धा कळायचं की आपण इथे नको आहोत. नुकसान विकणाऱ्याचं. आणि विकणारं जर सरकार असेल, तर तुमचं-आमचं.

जालन्याला हा विषय का जवळचा? आपल्याकडच्या स्टील उद्योगाचं पोट भंगारावर भरतं म्हणून. एमआयडीसीतल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळतं, त्याचे बिलेट होतात, रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया निघतात आणि त्या कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातात. म्हणजे कुठल्या तरी कारखान्याचा शेवट ही इथल्या भट्टीची सुरुवात असते. भंगाराचा भाव कोण, कसा ठरवतो, हा इथे रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे.

आता थोडं मागे जाऊ. 1964 साली सरकारने ‘मेटल स्क्रॅप ट्रेड कॉर्पोरेशन’ स्थापन केलं, आजची एमएसटीसी. मुख्यालय कोलकात्याला. सुरुवातीचं काम भंगाराच्या निर्यातीवर लक्ष ठेवण्याचं. पुढे परदेशातून लोखंडी भंगार आणायचं तर ते याच कंपनीमार्फत, असा नियम आला. फेब्रुवारी 1992 मध्ये, उदारीकरणाच्या लाटेत, ती मक्तेदारी संपली. मिलवाल्यांना थेट आयात करता येऊ लागली. ज्या कंपनीचं मुख्य कामच गेलं, ती काय करणार? तिने दुसऱ्या बाजूवर भर दिला, सरकारी खात्यांचा निकामी माल विकून देणं. आणि 2000 नंतर हे काम तिने इंटरनेटवर नेलं.

जगभर वारं त्याच दिशेनं होतं. 1995 मध्ये अमेरिकेत ईबे सुरू झालं. 1999 मध्ये तिथेच खास अवजड यंत्रांसाठी आयर्नप्लॅनेट आलं. कॅनडात 1958 पासून हातोडा आपटून लिलाव करणाऱ्या रिची ब्रदर्स या कंपनीने 2017 मध्ये हेच आयर्नप्लॅनेट विकत घेतलं. मैदानातल्या हर्रासीने स्क्रीनशी केलेली ही सोयरीकच म्हणा.

स्क्रीनवर नेमकं काय बदलतं? आधी नोंदणी करायची, अनामत रक्कम भरायची. कॅटलॉगमध्ये मालाचं वर्णन, जागा, पाहणीच्या तारखा. ठरलेल्या वेळी बोली सुरू. समोर कोण आहे ते दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. ईबेवर वेळ संपली की संपली, त्यामुळे लोक शेवटच्या सेकंदाला बोली टाकतात. आपल्या ई-लिलावात सहसा शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. म्हणजे घड्याळ जिंकत नाही, भाव जिंकतो. जालन्यातला व्यापारी दुकानात बसून चंद्रपूरच्या मालावर बोली लावू शकतो, आणि त्याला डोळे वटारणारं कोणी नसतं. रिंग पूर्ण मोडते असं नाही, फोनवरही संगनमत होऊ शकतं. पण दहा माणसांचं तोंड बंद करणं आणि न दिसणाऱ्या शंभर जणांचं बंद करणं, यात फरक आहे.

यातलं एक मोठं ‘लोखंड’ आपल्या मुंबईतच विकलं गेलं. आयएनएस विक्रांत, 1971 च्या युद्धात लढलेली विमानवाहू नौका. 1997 मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं तरंगतं संग्रहालय होती. तिला वाचवण्यासाठी लोक कोर्टात गेले. पण ऑनलाइन लिलावात सुमारे 60 कोटी रुपयांना ती विकली गेली, ऑगस्ट 2014 मध्ये सुप्रीम कोर्टात शेवटचा अडथळा दूर झाला आणि दारुखान्यात तिच्यावर गॅस कटर चालला. स्क्रीनने भाव काढला. आठवणींची किंमत काढणं हे तिचं कामच नव्हतं.

म्हणून आता मुद्द्याचं बोलू. बोली सुरू होण्याआधीच अर्धा लिलाव झालेला असतो. राखीव किंमत किती ठेवली? जाहिरात कुठे दिली? यंत्र नीट पाहू दिलं का?

जालन्याजवळच्या रामनगरचं उदाहरण घ्या. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला जालना सहकारी साखर कारखाना कर्जात गेला आणि राज्य सहकारी बँकेने तो विकला. बँकेच्या एकूण व्यवहारांवर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. जून 2022 मध्ये ईडीने या कारखान्याची जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री जप्त केली. आरोप असा की कारखाने नियम डावलून कमी किमतीत विकले गेले. दुसरीकडे, मुंबई पोलिसांनी बँकेच्या प्रकरणात तपास बंद करण्याचे अहवाल दिले. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. आपल्यासाठी प्रश्न साधा आहे: ज्यांच्या शेअरच्या पैशातून ते रोलर आणि बॉयलर आले, त्या ऊसवाल्यांना राखीव किंमत कशी ठरली हे कधी कळलं का?

तुमच्यापैकी कोणी उद्या बँकेने ओढून आणलेलं जेसीबी मोबाईलवर लिलावात घ्यायच्या विचारात असेल, तर एक वाक्य पाठ करा: ‘जसं आहे, जिथे आहे.’ म्हणजे विकल्यानंतर विकणारा हात झटकतो. हायड्रॉलिकची गळती तुमची, ट्रेलरचं भाडं तुमचं, कागदपत्रांची अडचणही तुमची. फोटोत रंग दिसतो, इंजिनचा आवाज ऐकू येत नाही. पाहणीच्या दिवशी मिस्त्रीला घेऊन जा, तास किती चाललंय ते मीटरवर बघा, कर आणि वाहतूक धरून वरची मर्यादा कागदावर लिहा, आणि आकडा तिच्यावर गेला की मोबाईल खाली ठेवा.

हर्रासीत गर्दी डोळ्यांसमोर असायची आणि माल हाताखाली. आता गर्दी वाढली, पण ती दिसत नाही, आणि मालही लांब गेला. पहिल्या बदलाने विकणाऱ्याचं भलं झालं. दुसऱ्याची काळजी घेणाऱ्यालाच करावी लागते. आणि माल सार्वजनिक पैशाचा असेल, तर बोली लागण्याआधीचे प्रश्न विचारायचं काम आपलं, सगळ्यांचं.

भेटू पुढच्या भागात!