१०२४ खणांचं कपाट

बोटांच्या ठशांचा इतिहास वाचायला घेतला की पहिलं नाव येतं ते हेन्री पद्धतीचं. सर एडवर्ड हेन्री, बंगालचे पोलीस महानिरीक्षक, पुढे लंडनचे पोलीस कमिशनर. पण पद्धतीमागचं गणित बरंचसं त्यांच्या हाताखालच्या दोन पोलीस अधिकाऱ्यांचं, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं.

ठसा घेणं ही अडचण नव्हतीच मुळी. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ सालीच बंगालमधल्या एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर उमटवून घेतला होता. अडचण होती शोधण्याची. समोर उभा केलेला माणूस आधी कधी पकडला गेला होता का, हे हजारो कागदांतून कसं काढणार? आपल्या भाषेत, डेटा आहे, इंडेक्स नाही.

आता गंमत बघा. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. ठशात भोवरा असेल तर त्या बोटाला किंमत, नाहीतर शून्य. पहिल्या जोडीला १६, मग ८, ४, २, १. जोडीतलं एक बोट अंशात, दुसरं छेदात, आणि दोन्हीकडे १ मिळवायचा. अहो, ही सरळसरळ बायनरी! ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ खण. कलकत्त्यात १८९७ साली लाकडी कपाटात चालणारं हॅश टेबल!

पुढची गोष्ट कुठल्याही आयटीवाल्याला ओळखीची वाटेल. साहेब ऑनसाइट गेले, टीम इथेच राहिली. १९०१ मध्ये हेन्री स्कॉटलंड यार्डात पोचले. हक यांना 'खानबहादूर' मिळायला १९२४ उजाडलं. आपल्या कर्मचाऱ्यांत हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता, हे हेन्रींनी लिहून दिलं ते १९२६ मध्ये.

श्रेय हुकलं याची हळहळ मलाही वाटते. पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. १९०० मध्ये हेन्रींनी ही पद्धत जोहान्सबर्गला नेली, आणि १९०६ मध्ये ट्रान्सवालच्या सरकारने तिथल्या हिंदी लोकांवर ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती आणली. गांधीजींचा सत्याग्रह सुरू झाला तो या कायद्याविरुद्ध. कलकत्त्यात कपाट बनलं गुन्हेगारांसाठी; दहा वर्षांच्या आत त्याच तंत्राने दुकानदार आणि फेरीवाले मोजायला घेतले. कोणाची बोटं टिपायची, हे हक आणि बोस यांना कोणी विचारलं नव्हतं. आपल्यालाही रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये ते कुठे विचारतात म्हणा!

२९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक वाटले गेले. अल्गोरिदम वेगळा, प्रश्न तोच: हा माणूस आधी नोंदलेला आहे का? आधारचा कायदा मात्र आला २०१६ मध्ये, आणि वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा २०२३ मध्ये. तोवर नोंदणी कोट्यवधींची होऊन गेली होती.